इंग्रजीचा पाठ : 'चार्ज' कुणाबरोबर आला ते पाहा



वसतिगृहातल्या मुलांचा शनिवारचा इंग्रजीचा वर्ग कसा चालतो, असे तुमच्यापैकी अनेकजण भेटल्यावर विचारतात. तुमच्या देणगीतून घेतलेले शब्दकोश मुले अगदी पाने सुटेपर्यंत हाताळतात, हे आधी आनंदाने सांगते. पण काही शब्द असे आहेत की तिथे नुसता शब्दकोश पुरत नाही. 'चार्ज' हा त्यातला एक. तो उघडला की अर्थांची मोठी रांग दिसते : पैसे, जबाबदारी, आरोप, वीज, हल्ला. मूल गोंधळते आणि रांगेतला पहिला अर्थ उचलून पुढे जाते. म्हणून या अंकात वर्गातला हा एकच पाठ तुमच्यासाठी लिहून काढत आहे. तुमच्या मंडळीतल्या तरुण संघात किंवा घरच्या मुलांबरोबर तो तुम्हालाही घेता येईल.

आमची मुले सातपुड्यातल्या पाड्यांवरून येतात. घरी भिलोरी किंवा पावरी, शाळेत मराठी, आणि इंग्रजी ही तिसरी भाषा. तरी 'चार्ज' हा शब्द त्यांना नवा नसतो. फोन चार्जिंगला लावतात, नव्या साहेबांनी चार्ज घेतल्याचे कानावर येते, बातम्यांत लाठीचार्ज असतो, कोर्टाच्या बोलण्यात चार्जशीट असते. शब्द ओळखीचा वाटतो, म्हणून कुणी थांबून विचार करत नाही. अनोळखी शब्दापाशी मूल थांबते तरी. ओळखीचा शब्द चुकीच्या अर्थाने घेतला तर ते तसेच पुढे चालते आणि कागदावर सहीही करून मोकळे होते.

आधी आपले 'पान'

पाठाची सुरुवात मी इंग्रजीने करत नाही. फळ्यावर 'पान' लिहिते आणि अर्थ विचारते. कुणी झाडाचे म्हणतो, कुणी पुस्तकाचे, कुणी विड्याचे, कुणी जेवणाचे. सगळेच बरोबर. मग चार वाक्ये लिहिते : पान गळले. पान उलटले. पान लावले. पान वाढले. आता कुणालाच विचारावे लागत नाही. 'गळले' म्हणताच झाड आठवते, 'उलटले' म्हणताच पुस्तक, 'लावले' म्हणताच चुना-कात आणि 'वाढले' म्हणताच वरणभात. 'पान' हा शब्द चारही ठिकाणी तोच राहिला. अर्थ ठरवला तो त्याच्या सोबत्याने.

प्रत्येक भाषेत शब्दांचे असे ठरलेले सोबती असतात. इंग्रजी शिकताना सुटे शब्द पाठ केले तर ते कामाच्या वेळी धोका देतात. सोबत्यासकट पाठ केले तर अर्थही लक्षात राहतो आणि वाक्यही बरोबर येते. आजच्या पाठाचे सूत्र एवढेच : 'चार्ज' दिसला की त्याच्या मागे कोण आहे आणि पुढे कोण आहे, ते पाहायचे. घाबरायचे, पैसे काढायचे किंवा सही करायची ती त्यानंतर.

सगळ्या अर्थांच्या मुळाशी ओझे

या शब्दाचे मूळ मुलांना फार आवडते. लॅटिनमध्ये 'कार्रुस' म्हणजे गाडी. त्यावरून गाडीत माल भरणे या अर्थाचे क्रियापद झाले, ते जुन्या फ्रेंचमधून तेराव्या शतकात इंग्रजीत आले आणि 'चार्ज' झाले. कार, कॅरी आणि कार्गो हे शब्द त्याच घरातले. म्हणजे 'चार्ज'चा पहिला अर्थ ओझे लादणे. डोक्यावर चुंबळ ठेवून मोळी आणणाऱ्या मुलींना हा अर्थ समजावून सांगावा लागत नाही.

एकदा ओझे डोळ्यांपुढे आले की बाकीचे अर्थ त्याच्याभोवती नीट बसतात. पैशाचे ओझे म्हणजे आकार किंवा शुल्क. कामाचे ओझे म्हणजे जबाबदारी. दोषाचे ओझे म्हणजे आरोप. बॅटरीत भरलेली वीज हेही एक प्रकारचे भरणेच. मराठीनेही हीच वाट धरली आहे. जबाबदारीला आपण कार्यभार म्हणतो, ती सांभाळणाऱ्याला प्रभारी म्हणतो, जादा कराला अधिभार म्हणतो, आणि विज्ञानाच्या पुस्तकात विजेच्या चार्जला प्रभार म्हणतात. या सगळ्यांत 'भार' आहे. 'आरोप' या शब्दाचाही मूळ अर्थ एखादी गोष्ट कुणावर ठेवणे असाच आहे.

आता एकेक अर्थ त्याच्या सोबत्यांसह घेऊ.

१. पैसा

येथले नेहमीचे सोबती असे : सर्व्हिस चार्ज, बँक चार्जेस, डिलिव्हरी चार्ज, एक्स्ट्रा चार्ज, फिक्स्ड चार्ज. क्रियापदे : पे द चार्ज म्हणजे आकार भरणे, वेव्ह द चार्ज म्हणजे आकार माफ करणे.

मराठी बोलताना आपण कशालाही चार्ज म्हणतो. इंग्रजीत मात्र वाटण्या झालेल्या आहेत. बसच्या भाड्याला फेअर, शाळेच्या किंवा डॉक्टरांच्या पैशाला फी, दुकानातल्या वस्तूच्या किमतीला प्राइस, दंडाला फाइन. कुणी आपल्यासाठी एखादी सेवा केली तर तिच्या पैशाला चार्ज. म्हणून 'बस चार्ज' न म्हणता 'बस फेअर' म्हणायचे. वर्गात आम्ही तिकिटे, पावत्या आणि बिले जमिनीवर मांडतो आणि प्रत्येक कागद योग्य शब्दाखाली ठेवतो. लहान मुलांनाही हा खेळ जमतो.

वीजबिल हा या पाठाचा उत्तम कागद आहे. आपल्या बिलावर मराठीत स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार असे रकाने असतात. तिथे 'आकार' म्हणजे गोल-चौकोन नव्हे, हे मुलांना लगेच समजते. मग इंग्रजी बिलावरचा 'एनर्जी चार्ज' वाचताना तो विजेचा चार्ज नसून विजेच्या पैशाचा चार्ज आहे, हेही पटते.

सगळ्यात महत्त्वाचे सोबती 'नो चार्ज' आणि 'फ्री ऑफ चार्ज'. दोन्हींचा अर्थ मोफत. ज्या कागदावर हे शब्द असतील त्या कामासाठी कुणी पैसे मागितले तर विचारण्याचा हक्क आपल्याला आहे. काही गोष्टी आम्ही मुलांकडून पाठच करून घेतो. आधारची नवी नोंदणी मोफत असते. बँकेतल्या मूलभूत बचत खात्यात किमान शिल्लक ठेवावी लागत नाही आणि महिन्यातून किमान चार वेळा पैसे काढण्यास शुल्क नसते. पोलिसांत तक्रार नोंदवणाऱ्याला एफआयआरची प्रत विनामूल्य मिळते. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यात तर 'फी' आणि 'चार्जेस' हे दोन शब्द शेजारीशेजारी आहेत. सहा ते चौदा वर्षांच्या मुलाचे प्राथमिक शिक्षण ज्यामुळे अडेल, अशी कोणतीही फी, आकार किंवा खर्च त्याच्यावर लादता येत नाही. फी घेतली नाही पण दुसऱ्या नावाने पैसे मागितले, ही पळवाट कायद्याने या दोन शब्दांनी बंद केली.

याच अर्थाचा आणखी एक सोबती आहे, 'टू'. 'चार्ज इट टू माय अकाउंट' म्हणजे ते माझ्या नावावर मांडा. फिलेमोनाला लिहिलेल्या पत्राच्या अठराव्या वचनात पौल हेच सांगतो. अनेसिमाचे काही देणे असेल तर ते त्याच्याकडून न घेता आपल्या नावावर धरावे, असे त्याचे म्हणणे आहे. इंग्रजी पवित्र शास्त्राच्या काही अलीकडच्या भाषांतरांत तिथे 'चार्ज' हाच शब्द आहे. ओझे एकाच्या डोक्यावरून दुसऱ्याच्या डोक्यावर कसे जाते, ते मुलांना या उदाहरणाने चटकन समजते.

२. जबाबदारी

इन चार्ज, टेक चार्ज, हँड ओव्हर चार्ज, ॲडिशनल चार्ज हे येथले सोबती. कचेरीतल्या मराठीत आपण चार्ज देतो, घेतो आणि अतिरिक्त कार्यभारही सांभाळतो, म्हणून हा भाग सोपा वाटतो. एक खूण मात्र लक्षात ठेवावी. जबाबदारीच्या अर्थाने 'चार्ज' कधीही अनेकवचनी होत नाही. 'ॲडिशनल चार्ज' म्हणजे साहेबांकडे आलेले जादा काम असू शकते. 'ॲडिशनल चार्जेस' मात्र बिलात आलेले जादा पैसे.

येथे एका लहानशा शब्दाने सगळे उलटते. ही दोन वाक्ये पाहा :

द नर्स इज इन चार्ज ऑफ द चाइल्ड.
द चाइल्ड इज इन द चार्ज ऑफ द नर्स.

पहिल्या वाक्यात नर्स बाळाला सांभाळते. दुसऱ्या वाक्यात बाळ नर्सच्या ताब्यात आहे. अर्थ एकच, पण 'द' आला की सांभाळणारा मागे जातो आणि ज्याला सांभाळायचे तो पुढे येतो. 'द' गाळला तर बाळच नर्सला सांभाळू लागेल! वर्गात हे वाक्य मी मुद्दाम चुकवून वाचते. मुले हसतात आणि नियम विसरत नाहीत.

याच अर्थाचे आणखी एक टोक आहे. ज्याला सांभाळायला दिले त्या व्यक्तीलाही इंग्रजीत 'चार्ज' म्हणतात, आणि तेव्हा अनेकवचन चालते. वॉर्डन ॲन्ड हर चार्जेस म्हणजे वॉर्डनबाई आणि त्यांच्या स्वाधीन केलेली मुले. या अर्थाने आमची मुले तुमचीही 'चार्जेस' आहेत. हा अर्थ ऐकल्यावर एका सातवीतल्या मुलाने विचारले, "बाई, म्हणजे आम्ही ओझे?" मी त्याला विचारले, "तुझी आई तान्ह्या भावाला पाठीशी बांधून डोंगर उतरते, तेव्हा ते ओझे असते का?" तो म्हणाला, "असते. पण ती खाली ठेवत नाही." शब्दकोशात मला याहून चांगली व्याख्या मिळालेली नाही.

३. आरोप

हा अर्थ शिकवताना मी घाई करत नाही, कारण आमच्या कुटुंबांचे सर्वांत मोठे नुकसान येथेच होऊ शकते.

सोबती आधी पाहू. ऑन अ चार्ज ऑफ थेफ्ट म्हणजे चोरीच्या आरोपावरून. फेस चार्जेस म्हणजे आरोपांना सामोरे जाणे. डिनाय द चार्ज म्हणजे आरोप नाकारणे. प्रूव्ह द चार्ज म्हणजे आरोप सिद्ध करणे. ड्रॉप द चार्जेस म्हणजे आरोप मागे घेणे. फ्रेम चार्जेस म्हणजे न्यायालयाने आरोप निश्चित करणे. आणि चार्जशीट म्हणजे आरोपपत्र किंवा दोषारोपपत्र. कंपनीत कामाला लागलेल्या मुलाला व्यवस्थापनानेही चार्जशीट दिलेली असू शकते. ती खात्याच्या चौकशीची असते, पोलिसांची नव्हे. म्हणून चार्जशीट कुणी दिली, हेही पाहायचे.

पाड्यावर असा समज असतो की चार्जशीट आली म्हणजे माणूस दोषी ठरला. तसे नाही. आधी तक्रार नोंदवली जाते, मग तपास होतो, तपास संपल्यावर पोलीस न्यायालयात आरोपपत्र देतात. पुढे न्यायालय आरोप निश्चित करते, ते आरोपीला वाचून समजावून सांगते आणि मान्य आहेत का ते विचारते. नंतर साक्षीपुरावे, आणि सर्वांत शेवटी निकाल. चार्जशीट ही वाटेतली एक पायरी आहे.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. अकरावीतली एक मुलगी वर्ग संपल्यावर मागे थांबली. तिच्या काकांवर बांधाच्या भांडणातून गुन्हा दाखल झाला होता. तालुक्याच्या गावी एका मध्यस्थाने घरच्यांना सांगितले होते की चार्जशीट आलेली आहे, तिचा चार्ज दोन हजार रुपये, तो भरल्याशिवाय कागद हातात मिळत नाही. घरात दोन शेळ्या विकायचे ठरत होते. तिने मला एकच प्रश्न विचारला, "बाई, चार्जशीटचा चार्ज म्हणजे कोणता चार्ज?"

त्या मध्यस्थाने दोन अर्थांची गाठ मारून ठेवली होती. चार्जशीटमधला चार्ज आरोपाचा. त्याने मागितलेला चार्ज पैशाचा. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २३०व्या कलमानुसार, आरोपी न्यायालयापुढे हजर झाल्यापासून चौदा दिवसांच्या आत आरोपपत्राची आणि त्यासोबतच्या कागदांची प्रत त्याला विनामूल्य द्यायची असते. त्याआधीच्या कायद्यातही ती विनामूल्यच होती.

आम्ही तिच्या वडिलांना न्यायालयाच्या आवारातल्या तालुका विधी सेवा समितीकडे पाठवले. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या १२व्या कलमाप्रमाणे अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला मोफत वकील मिळण्याचा हक्क आहे, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. अर्ज दिल्यावर वकील मिळाले. प्रतही मिळाली. शेळ्या घरी राहिल्या. खटला अजून चालू आहे आणि त्याचे काय होईल ते न्यायालय ठरवील. पण काकांवर नेमका कोणता आरोप आहे, हे त्या घराला आता ठाऊक आहे, आणि ते ठाऊक होण्यासाठी त्यांनी काही विकलेले नाही.

विधी सेवेचा फोन क्रमांक १५१०० आहे. तो आम्ही वर्गाच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवला आहे. तुमच्या मंडळीच्या सूचनाफलकावरही लिहावा.

अटक झालेल्याच्या घरच्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. तपास संपवून आरोपपत्र देण्यासाठी मुदत आहे : साधारणपणे साठ दिवस, आणि फाशी, जन्मठेप किंवा दहा वर्षे व त्याहून अधिक शिक्षा असलेल्या गुन्ह्यांत नव्वद दिवस. तेवढ्या कोठडीनंतरही आरोपपत्र दाखल झाले नाही, तर अर्ज करून जामीन मागण्याचा हक्क मिळतो. हा हक्क मागावा लागतो, म्हणून वकील वेळेवर मिळणे महत्त्वाचे.

अटकेची कारणे सांगितली गेली पाहिजेत, हे आपल्या संविधानाच्या २२व्या अनुच्छेदात आहे. विचार मात्र फार जुना आहे. प्रेषितांची कृत्ये, पंचविसावा अध्याय, शेवटचे वचन काढून पाहा. पौलाला कैसराकडे पाठवताना फेस्त या रोमी सुभेदारालाही पेच पडला होता, की आरोप न कळवता कैदी पाठवणे बरे दिसत नाही.

४. वीज, आणि ५. चाल

वीज हा अर्थ मुलांना सर्वांत आधी माहीत असतो, म्हणून येथे थोडक्यात. द फोन इज ऑन चार्ज म्हणजे फोन चार्जिंगला लावलेला आहे. फुल चार्ज म्हणजे बॅटरी पूर्ण भरलेली. विज्ञानात पॉझिटिव्ह चार्ज आणि निगेटिव्ह चार्ज, म्हणजे धन प्रभार आणि ऋण प्रभार. 'रिचार्ज'मध्ये गंमत आहे. बॅटरीचे रिचार्ज विजेचे, सिमकार्डाचे रिचार्ज पैशाचे, आणि विहिरीचे रिचार्ज पाण्याचे. शेवटच्याला मराठीत पुनर्भरण हा सुंदर शब्द आहे. बांध घालून पाणी जिरवणाऱ्या पाड्यांवरच्या मुलांना तो आधीच ठाऊक असतो.

चाल करून जाणे, हल्ला करणे हा शेवटचा अर्थ. लाठीचार्ज हा आपल्याकडचा शब्द त्यातूनच तयार झाला. जंगलात हत्ती अंगावर धावून आला तर इंग्रजीत तेही चार्जच. एवढे पुरे.

खुणेचे लहान शब्द

आता सगळे एकत्र बांधू. मोठे सोबती विसरले तरी लहान शब्द पाहून अर्थ ओळखता येतो.

क्रियापद म्हणून 'चार्ज' आला आणि पुढे 'फॉर' असेल, तर बहुतेक पैसे : दे चार्ज्ड मी फॉर द बॅग, म्हणजे त्यांनी माझ्याकडून पिशवीचे पैसे घेतले. पुढे 'विथ' असेल आणि त्यानंतर गुन्ह्याचे नाव असेल, तर आरोप : ही वॉज चार्ज्ड विथ थेफ्ट. मोबाइलवर 'यू हॅव बीन चार्ज्ड' असा संदेश आला आणि पुढे रुपये लिहिलेले दिसले, तर खात्यातून पैसे कापले गेले आहेत. का कापले ते बँकेत विचारायचे. पोलीस येणार म्हणून रात्रभर जागण्याचे कारण नाही.

नाम म्हणून आला आणि पुढे 'ऑफ' असेल, तर 'ऑफ'च्या पलीकडे पाहायचे. रक्कम असेल तर पैसा : अ चार्ज ऑफ फिफ्टी रुपीज. गुन्हा असेल तर आरोप : अ चार्ज ऑफ थेफ्ट. माणूस किंवा काम असेल तर जबाबदारी : इन चार्ज ऑफ द किचन.

'विदाउट चार्ज' हा सोबती थोडा अवघड आहे, कारण तो दोन्हीकडे जातो. पार्सल 'डिलिव्हर्ड विदाउट चार्ज' असेल तर ते मोफत आले. माणूस 'रिलीज्ड विदाउट चार्ज' असेल तर आरोप न ठेवता त्याला सोडले. १६११च्या जुन्या इंग्रजी पवित्र शास्त्रात करिंथकरांस पहिल्या पत्राच्या नवव्या अध्यायात पौलाने सुवार्ता विनामूल्य सांगण्याविषयी लिहिले आहे, तिथे 'विदाउट चार्ज' हेच शब्द आहेत. तिथे अर्थ पैशाचा.

ओझे उतरवणे : डिस्चार्ज

'चार्ज'मागे 'डिस' लागला की ओझे उतरते. बॅटरी डिस्चार्ज होते. रुग्णाला डिस्चार्ज मिळतो आणि सोबत डिस्चार्ज कार्ड मिळते. डिस्चार्ज ऑफ ड्यूटी म्हणजे कर्तव्य पार पाडणे. न्यायालयात आरोप निश्चित होण्याआधीच आरोपीला खटल्यातून वगळले, तर तोही डिस्चार्ज. त्याला दोषमुक्ती म्हणतात. साक्षीपुरावे होऊन निर्दोष सुटणे वेगळे, त्याला इंग्रजीत दुसरा शब्द आहे, ॲक्विटल.

आमच्या दोन मुली सध्या नर्सिंग शिकत आहेत. सुट्टीत आल्या तेव्हा एकीने वहीतली दोन टिपणे दाखवली : डिस्चार्ज फ्रॉम द वूंड आणि डिस्चार्ज फ्रॉम द वॉर्ड. पहिल्यात जखमेतून येणारा स्राव, दुसऱ्यात रुग्णाचे घरी जाणे. 'फ्रॉम' दोन्हीकडे आहे, म्हणून येथे लहान शब्दावर थांबता येत नाही. पुढचे नाम पाहावे लागते. जखमेतून स्राव येतो आहे, ही नोंद 'सुट्टी दिली' अशी वाचली गेली तर काय होईल, हे तिला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

सराव

मुलांना ही वाक्ये मोठ्याने वाचायला सांगा. प्रत्येक वाक्यात आधी सोबत्याखाली रेघ ओढायची, मगच अर्थ सांगायचा.

१. देअर इज नो चार्ज फॉर द फॉर्म.
२. शी टुक चार्ज ऑफ द किचन.
३. ही वॉज अरेस्टेड ऑन अ चार्ज ऑफ थेफ्ट.
४. द चिल्ड्रन आर इन द चार्ज ऑफ द वॉर्डन.
५. ऑल चार्जेस अगेन्स्ट हिम वेअर ड्रॉप्ड.
६. डिलिव्हरी चार्जेस आर एक्स्ट्रा.
७. ही वॉज रिलीज्ड विदाउट चार्ज.
८. द टॉर्च इज ऑन चार्ज.

उत्तरे : पहिले आणि सहावे पैशाचे. दुसरे आणि चौथे जबाबदारीचे. चौथ्यात सांभाळणारी वॉर्डन आहे, मुले नव्हेत. तिसरे, पाचवे आणि सातवे आरोपाचे. आठवे विजेचे.

हा पाठ एका बैठकीत संपवू नये. आम्ही त्याला तीन शनिवार देतो : पहिल्या दिवशी 'पान' आणि पैसा, दुसऱ्या दिवशी जबाबदारी आणि आरोप, तिसऱ्या दिवशी बाकीचे आणि सराव. मोठ्या मुलांना मग एक काम द्यावे. घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या कागदावर 'चार्ज' शोधून आणायचा, आणि तो कोणत्या अर्थाचा ते वर्गाला सांगायचे. त्या निमित्ताने घरातले कागद वाचले जातात. पत्र्याच्या पेटीत वर्षानुवर्षे न वाचता ठेवलेले कागद यातून बाहेर आले आहेत.

यासाठी तुमची एक मदत हवी आहे, आणि तिला पैसे लागत नाहीत. तुमच्याकडची जुनी वीजबिले, बँकेची पत्रके, दवाखान्याची डिस्चार्ज कार्डे, सामान पोहोचवल्याच्या पावत्या रद्दीत टाकू नका. नाव, पत्ता आणि खाते क्रमांक काळ्या शाईने पूर्ण झाकून, प्रत काढून आमच्याकडे पाठवा. पुस्तकातल्या वाक्यापेक्षा खरा कागद मुलांना लवकर शिकवतो. पुढच्या अंकात 'केस' हा शब्द घेऊ : केसपेपरची केस, कोर्टाची केस आणि चष्म्याची केस.

तोवर तुमच्या घरी येणाऱ्या पहिल्याच बिलावर 'चार्ज' शोधा, आणि तो कुणाबरोबर आला आहे ते मुलांना विचारा.